बुद्धिबळाचं इंजिन विंडोपासून वेगळं कसं काढू?

तिरका_उंट: सी++ आणि क्यूटीत (विंडो, बटणं बनवायची लायब्ररी) बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहितोय. पट, मोहरी, खेळी शोधणं सगळं एकाच क्लासमध्ये आहे. कॉम्प्युटर विचार करायला लागला की विंडो गोठते, 'थांब' बटणही दाबता येत नाही. शोध दुसऱ्या थ्रेडवर (त्याच प्रोग्राममध्ये समांतर चालणारं काम) टाकून भागेल, की इंजिन, म्हणजे खेळी शोधणारा भाग, पूर्ण वेगळं काढू?

सातव्या_रांगेतला_हत्ती: थ्रेडने गोठणं थांबेल, गुंता सुटणार नाही. वेगळा प्रोग्रामच करा. स्टॉकफिश या प्रसिद्ध इंजिनाला स्वतःची विंडोच नाही. तो स्टँडर्ड इनपुटवरून ओळी वाचतो, आउटपुटवर खेळी लिहितो. म्हणून तो अरीना आणि क्यूट चेस अशा वेगवेगळ्या विंडो-प्रोग्राममध्ये चालतो.

विंडो आणि इंजिनाच्या या बोलण्याचे नियम म्हणजे यूसीआय (युनिव्हर्सल चेस इंटरफेस). श्रेडर हे इंजिन लिहिणारे स्टेफान मायर-कालेन यांनी रुडॉल्फ हूबर यांच्यासोबत ते २००० साली मांडले. त्याआधीच्या, एक्सबोर्ड या विंडो-प्रोग्रामच्या प्रोटोकॉलमध्ये (बोलण्याच्या नियमांमध्ये) डाव इंजिनाने लक्षात ठेवायचा असतो, त्यामुळे खेळी मागे घेतली की त्याला 'अनडू' कळवावं लागतं. यूसीआयमध्ये विंडो दर वेळी सुरुवातीपासूनचा डाव पाठवते: 'पोझिशन स्टार्टपॉस मूव्ह्ज ई२ई४ ई७ई५', मग 'गो', म्हणजे विचार सुरू कर. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. इंजिन मध्येच कोसळलं तर पुन्हा सुरू करायचं, तीच ओळ पाठवायची, डाव पुढे चालू.

तिरका_उंट: पण प्यादं ओढल्यावर खेळी वैध आहे का, हे विंडोलाही कळायला हवं ना? नियम दोनदा लिहायचे?

सातव्या_रांगेतला_हत्ती: दोनदा अजिबात नको. नियमांची छोटी लायब्ररी करा आणि दोन्हीकडे जोडा. तिच्यात क्यूटीची एकही हेडर फाइल येऊ देऊ नका, क्यूस्ट्रिंग (क्यूटीचा मजकुराचा प्रकार) सुद्धा नाही. घड्याळ आणि डावाचा निकाल विंडोकडे, विचार इंजिनाकडे.

पाइपवाला: दोन गोष्टी जोडतो. 'स्टॉप' वेळेवर ऐकू यायला इंजिनातही इनपुट वाचणारा थ्रेड शोधापासून वेगळा लागतो. आणि प्रत्येक ओळीनंतर फ्लश करा, म्हणजे साठलेलं आउटपुट लगेच पुढे ढकला. टर्मिनलवर सगळं नीट दिसतं, पण पाइपला (दोन प्रोग्राम जोडणारी वाट) जोडलं की आउटपुट बफरमध्ये साचतं आणि विंडो 'बेस्टमूव्ह'ची, म्हणजे इंजिनाने निवडलेल्या खेळीच्या ओळीची, वाट बघत बसते.

सातव्या_रांगेतला_हत्ती: बरोबर. विंडोच्या बाजूला इंजिन चालवायला क्यूप्रोसेस (दुसरा प्रोग्राम चालवणारा क्यूटीचा क्लास) वापराल तेव्हा कधी अर्धीच ओळ हाती येते, तर कधी एकदम तीन. पूर्ण ओळ आली का, हे 'कॅनरीडलाइन'ला विचारूनच वाचा. पण विंडो जोडण्याआधी टर्मिनलमध्ये हाताने आज्ञा टाइप करून एक अख्खा डाव खेळा. तो मातेपर्यंत गेला की मगच क्यूटी उघडा.