शेजाऱ्यांना फुकट वीज आणि कोकण अंधारात? हे मला मान्य नाही

सडा_राजापूर :

'केळशीचा बागायतदार' यांची काल रात्रीची पोस्ट बहुतेकांनी वाचली असेल. राहिली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: "नेपाळ, भूतान, बांगलादेशला आपलं सरकार फुकट वीज वाटतं, तिकडे पैसा ओततं आणि कोकणातल्या वाड्या अंधारात. हे आधी बंद करा." मी गप्प बसणार होतो. पण आज सकाळी माझ्या आतेभावाने तीच पोस्ट मला पाठवली आणि खाली 'खरं आहे' असं लिहिलं. तेव्हा राहवेना.

भूतानपासून सुरू करतो. चुखाचा ३३६ मेगावॅटचा प्रकल्प आपल्या पैशाने उभा राहिला, ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज, हे खरं. पण त्यांची गरज भागून उरलेली वीज कुठे आली? आपल्याकडेच. पुढे ताला १०२० मेगावॅट, मग २०१९ मध्ये मांगदेछू ७२० मेगावॅट. पावसाळ्यात भूतान विकतो, आपण घेतो. थंडीत त्यांच्या नद्या आटल्या की ते आपल्याकडून विकत घेतात.

नेपाळचं तसंच. नोव्हेंबर २०२१ पासून त्यांची वीज आपल्या वीज बाजारात येते. जानेवारी २०२४ मध्ये करार झाला, दहा वर्षांत १०,००० मेगावॅटपर्यंत वीज आपण त्यांच्याकडून घ्यायची. बांगलादेशला आपण विकतो. २०१३ मध्ये बहरमपूर-भेरामारा लाईनवरून ५०० मेगावॅटने सुरुवात झाली, पुढे ती १००० झाली. झारखंडातल्या गोड्डाचा १६०० मेगावॅटचा प्रकल्प तर बांगलादेशसाठीच बांधला. २०२४ च्या शेवटी थकबाकी ८० कोटी डॉलरच्या वर गेली, तेव्हा तो चालवणाऱ्या अदानी कंपनीने पुरवठा निम्म्यावर आणला. फुकट दिलेल्या वस्तूची थकबाकी राहते का?

आमच्या बागेत राखणीला गेली सहा वर्षं धनगढीजवळचा एक नेपाळी माणूस येतो. तो सांगतो, शाळेत असताना दिवसातून बारा-चौदा तास लाईट नसायची, परीक्षेचा अभ्यास टुकीवर केला. टुकी म्हणजे आपली चिमणी. २०१६ मध्ये ढल्केबर-मुझफ्फरपूर लाईन चालू झाली, भारतातून वीज जाऊ लागली, आणि थोड्याच काळात काठमांडूपासून त्याच्या गावापर्यंत लोडशेडिंग संपलं. त्यांनी त्या विजेचे पैसे मोजले. आज पावसाळ्यात तेच आपल्याला विकतात. आपल्या वाडीतली लाईट जाते ती फांदी तारेवर पडते म्हणून. ती वीज काठमांडूला पळवलेली नसते.

केळशीचा_बागायतदार :

तुमचे आकडे वाचले. आता माझं ऐका.

३ जून २०२०. निसर्ग वादळ आलं त्या दिवशी मी घरात होतो. दुपारी कौलं उडाली. संध्याकाळी बाहेर आलो तर आजोबांनी लावलेली सुपारी आडवी, नारळ मोडलेले, ओळखीचं एक कलम जागेवर नाही. गावातला प्रत्येक खांब पडलेला. आमच्या वाडीत लाईट आली ती पस्तीस दिवसांनी. विहिरीत पाणी होतं, पंप चालत नव्हता. आई ऐंशीची, ती रहाटावर पाणी काढत होती. मोबाईल चार्ज करायला मी दापोलीला जायचो.

त्या पस्तीस दिवसांत मला कोणी मुझफ्फरपूरच्या लाईनचं कौतुक सांगितलं असतं तर मी हात उचलला असता. परदेशात टॉवर उभे करायला पैसा आहे, आणि समुद्रकाठच्या गावात तारा जमिनीखालून न्यायला नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. 'फुकट' शब्दावरून तुम्ही पानभर लिहिलंत. अंधारावर दोन ओळी.

निवृत्त_लाईनमन_कुडाळ :

बागायतदार, निसर्ग वादळानंतर आम्ही इकडून तुमच्याकडे खांब उभे करायला आलो होतो. मी स्वतः होतो. चिखलात खड्डा खणला की पाणी लागायचं. क्रेन आत जाईना, गावकऱ्यांनी खांब खांद्यावर वाहिले. ते दिवस मी विसरलो नाही, म्हणून तुमचा राग समजतो.

पण सडा_राजापूर बोलतात ते बरोबर आहे. ४०० केव्हीची लाईन हा एक संसार, गावातली ११ केव्हीची लाईन आणि डीपी हा दुसरा. नेपाळला जाणारी वीज उद्या बंद केलीत तरी तुमच्या डीपीचा फ्यूज उडायचा थांबणार नाही. खरं दुखणं कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. मी लागलो तेव्हा आमच्या सेक्शनला आम्ही सात जण होतो. निवृत्त झालो तेव्हा तिघे, आणि गावं तेवढीच. त्यातला एक कंत्राटी, त्याला हातमोजेसुद्धा धड नव्हते. मे महिन्यात झाडं तोडायची असतात, तोडायला माणूस नसतो, आणि मृगात पहिलाच वारा आला की अख्खा फीडर ट्रिप. चतुर्थीक लाईट गेली की लोकांच्या शिव्या आमकाच.

वेलदूरची_लेक :

विषय शेजारी देशांचा आहे, पण गोड्डाचं वाचून माझ्या डोळ्यासमोर आमचं अंजनवेल आलं, एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प जिथे झाला ते.

बांगलादेशने जो करार केला तो आम्ही पंचवीस वर्षांपूर्वी बघितलाय. परदेशी कंपनी, आयात इंधन, डॉलरशी बांधलेला दर, आणि वीज घेतली नाही तरी स्थिर आकार भरायचाच. दाभोळ प्रकल्पात घेणारं आपलं वीज मंडळ होतं. १९९३ चा करार, १९९५ मध्ये रद्द. अरबी समुद्रात बुडवू म्हणून सांगणाऱ्यांनीच १९९६ मध्ये तो मोठा करून परत आणला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा नाफ्थ्यावर सुरू झाला. तेल महागलं, रुपया पडला, युनिटचा दर सात रुपयांच्या वर गेला. मंडळाने बिलं थांबवली, कंपनीने केंद्राची प्रतिहमी, म्हणजे राज्याने बिल भरलं नाही तर केंद्र भरेल ही हमी, वटवायला काढली. मे २००१ मध्ये वीजनिर्मिती बंद, डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं.

माझ्या वडिलांनी पतपेढीचं कर्ज काढून डंपर घेतला होता, पोटठेकेदाराकडे लावला. काम थांबलं त्या आठवड्यात पोटठेकेदार गाव सोडून गेला. पाच महिन्यांचं भाडं बुडालं. वडील पुढे बारा वर्षं तो हप्ता फेडत होते, मासळीच्या टेम्पोवर ड्रायव्हरी करून. म्हणून 'शेजाऱ्याशी धंदा' असं कोणी म्हटलं की मी पहिल्यांदा विचारते, कागदावर सही करणाऱ्याने पान उलटून बघितलं होतं का?

चाकरमानी_डोंबिवली :

ताई, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण एन्रॉनची एकच बाजू किती वर्षं सांगणार? २००५ नंतर महाराष्ट्रात गावोगाव बारा-बारा तास लोडशेडिंग होतं. माझी बारावी त्याच काळातली. तेव्हा तुमच्या अंजनवेलला तयार प्रकल्प गंजत पडला होता. आंदोलनं करून, कोर्टकचेऱ्या करून आपण तो बंद पाडला. कोकणात काहीही आलं की नको. जैतापूरचा अणुप्रकल्प नको, नाणारची रिफायनरी नको, बारसूचीही नको. मग अंधाराबद्दल रडायचं नाही.

वेलदूरची_लेक :

आंदोलनाने बंद पडला? बिल परवडेना म्हणून वीज मंडळाने घ्यायचं थांबवलं, म्हणून बंद पडला. हे सरकारने नेमलेल्या माधव गोडबोले समितीने २००१ मध्ये लिहून ठेवलंय की तो करार राज्याला झेपणारा नव्हता. आम्ही बायकांनी लाठ्या खाल्ल्या त्या १९९७ मध्ये, आणि त्यानंतरही प्रकल्प उभा राहिलाच.

आणि पुढचं सांगा ना. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांनी मिळून नवी कंपनी काढली. १९६७ मेगावॅटचा प्रकल्प. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटला आणि २०१३ मध्ये तो पुन्हा थंड. पुढे काही वर्षं तिथली वीज मुख्यतः रेल्वेला जात होती. एलएनजीची, म्हणजे द्रवरूप गॅसची, जेट्टी झाली, पण लाटा अडवणारी भिंत अर्धवट, म्हणून वर्षानुवर्षं पावसाळ्यात जहाज लागत नव्हतं. यातलं कुठलं काम आंदोलकांनी अडवलं?

चाकरमानी_डोंबिवली :

ठीक आहे, बंद पडायचं कारण दर होता, हे धरून चालतो. पण बारावीच्या वर्षी मेणबत्तीवर बसलेला मी होतो, गोडबोले समिती नव्हती. जो प्रकल्प होता तो स्वस्त करून चालवायला हवा होता, हे मी मरेपर्यंत म्हणणार.

चिपळूण_बाजारपेठ :

शेजारी देश राहू द्या. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला येतं, वीज करतं आणि आमच्या वाशिष्ठीत उतरतं. वीज राज्यभर जाते. जुलै २०२१ मध्ये माझ्या दुकानात डोक्याच्या वर पाणी होतं, तेव्हा त्या पाण्याचा हिशोब कोणी दिला का?

सडा_राजापूर :

चिपळूणकर, तो विषय मोठा आहे, स्वतंत्र लिहा, मी येतो. इथे एन्रॉनवर धागा वाहून गेलाय तो परत आणतो.

वेलदूरच्या ताईंनी बांगलादेशला आपल्या जागी बसवलं, ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. गोड्डाचा कोळसा ऑस्ट्रेलियातून येतो, ओडिशात धामरा बंदरात उतरतो, वीज होते झारखंडात आणि जाते सीमेपलीकडे. धूर आणि राख झारखंडच्या वाट्याला, कोळसा महागला की बिल बांगलादेशच्या वाट्याला. ढाक्यात सरकार बदललं तसं ते कराराची फेरतपासणी करू लागले. दाभोळचंच हे दुसरं रूप आहे, मान्य. पण म्हणून सगळाच व्यवहार वाईट ठरत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॅट वीज आपल्या तारांवरून पहिल्यांदा बांगलादेशला गेली. नदी एका देशाची, तार दुसऱ्याची, दिवा तिसऱ्याचा. आपण वाहतुकीचे पैसे घेतले. यात कोणाचं घर बुडालं?

केळशीचा_बागायतदार :

घर बुडालं असं मी म्हटलंच नव्हतं. काल रात्री माझा मुलगा पुण्याहून फोनवर वाद घालत होता, त्याने एक गोष्ट सांगितली ती इथे मांडतो, कारण ती माझ्याच बाजूची आहे.

नेपाळमध्ये आपली सरकारी कंपनी, सतलज जलविद्युत निगम, अरुण-३ नावाचा ९०० मेगावॅटचा प्रकल्प बांधते आहे. त्यातली २१.९ टक्के वीज नेपाळला फुकट. तिथे जलविद्युत कंपनी शेअर विकायला काढते तेव्हा दहा टक्के शेअर प्रकल्पबाधित स्थानिकांना राखून ठेवावे लागतात. दोलखा जिल्ह्यात अप्पर तामाकोशीचे शेअर गावकऱ्यांना मिळाले. आपल्याच देशात हिमाचलला तिथल्या जलविद्युत प्रकल्पातून १२ टक्के वीज फुकट मिळते.

आता कोकणात या. जैतापूरला फ्रान्सच्या मदतीने ९,९०० मेगावॅट म्हणतात. माडबनच्या माणसाला त्यातला किती टक्के? नाणारला सौदी आणि अबुधाबीच्या कंपन्या येणार होत्या, तेव्हा आंबेवाल्याला भागीदार करू असं कोणी म्हटलं? परक्या देशातल्या खेड्याशी आपण जो सौदा करतो, तो घरच्या खेड्याशी करत नाही. माझी पोस्ट चुकीच्या शब्दांत लिहिली असेल. दुखणं खरं आहे.

निवृत्त_लाईनमन_कुडाळ :

एक फरक सांगतो. नदीचं पाणी त्या राज्याचं किंवा देशाचं, म्हणून फुकट वीज हा पाण्याचा मोबदला असतो. गॅस, कोळसा, युरेनियम बाहेरून येतं, मग तोच नियम जसाच्या तसा लावता येत नाही. पण किनारा, जमीन, मासेमारीचं पाणी आपलं आहे. त्याचा मोबदला एकदाच चेक देऊन का संपतो, हा बागायतदारांचा प्रश्न मला पटला.

सडा_राजापूर :

मलाही पटला. कालपासून बागायतदारांशी भांडतोय म्हणून लिहायला जड जातंय, पण अरुण-३ चा मुद्दा माझ्या पहिल्या पोस्टमध्ये यायला हवा होता. त्यांनी 'फुकट' शब्द मागे घ्यावा, एवढी अट राहते.

केळशीचा_बागायतदार :

भूतान आणि बांगलादेशसाठी 'फुकट' काढतो. पोस्ट दुरुस्त केली आहे. नेपाळचे २१.९ टक्के तसेच ठेवतो, कारण ते खरे आहेत. 'अंधार' काढणार नाही. आमच्या शाळेमागच्या वळणावरची तार अजून आंब्याच्या फांदीला टेकलेली आहे, मृग पंधरा दिवसांवर आला.

निवृत्त_लाईनमन_कुडाळ :

खांबावरचा नंबर पाठवा. तिकडच्या सेक्शनला माझा एक जुना जोडीदार अजून नोकरीत आहे, उद्या सकाळी फोन करतो.

वेलदूरची_लेक :

आणि चाकरमानी, तुमचं 'मरेपर्यंत' वाचलं. उद्या सविस्तर उत्तर देते.