तीन गुणिले चार बारा कसे? (मायमो रडारवरचा वाद)

रंकाळाकाठ: काल इथं एकानं गाडीतल्या मायमो रडारबद्दल (अनेक ट्रान्समीटर आणि अनेक रिसीव्हर मिळून चालणारं रडार) लिहिलं, 'तीन ट्रान्समीटर, चार रिसीव्हर आणि म्हणे बारा अँटेना! गिऱ्हाईक फसवायचे धंदे.' वाचून डोकंच फिरलं. 77 गिगाहर्ट्झला तरंगलांबी 3.9 मिलिमीटर. चार रिसीव्हर अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटरवर बसवायचे. दुसरा ट्रान्समीटर दोन तरंगलांब्या बाजूला सरकवला, की परतीचा सिग्नल असा येतो जणू चारही रिसीव्हर पुढं सरकून बसलेत. तिसऱ्यानं आणखी चार. अट एकच, कुठला सिग्नल कुणाचा हे ओळखू आलं पाहिजे. यात फसवणूक कुठं आली?

शिरोलीकर: ते मीच लिहिलंय. ओळखू यायला स्वस्तातल्या चिपमध्ये ट्रान्समीटर पाळीपाळीनं चालवतात. तीन पाळ्या झाल्या, की बिनघोळ मोजता येणारा कमाल वेग एक तृतीयांशावर. फेज्ड ॲरे, म्हणजे सगळ्या अँटेनांचे सिग्नल जुळवून सोडणारा संच, सगळी ताकद एका दिशेला लावतो, मायमो ती चौफेर पसरतं. आणि माझ्या गाडीनं हायवेवरची लोखंडी कमान बघून कचकन ब्रेक मारला, मागं बसलेल्या आईचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. मला बारा सांगू नका.

रंकाळाकाठ: आईंना लागलं, वाईट वाटलं. पण त्या रडारला उंची कळत नसणार. एक ट्रान्समीटर अर्धी तरंगलांबी वर चढवला की कळते.

शिरोलीकर: मग आडव्या रांगेत आठच उरले की!

घाटवाट: गगनबावड्याच्या धुक्यात उसाची ट्रॉली, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. मला दिसायच्या आधी रडारनं ब्रेक लावला. आठ असोत नाहीतर बारा, मी घरी पोचलो.

शाहूपुरी_तळमजला: गाड्यांचं पुरे झालं. 2019 आणि 2021, दोनदा घरात पाणी. किनाऱ्यावरच्या हवामान रडारचा किरण अर्ध्या अंशावर सोडला तरी शंभर किलोमीटरवर दीड किलोमीटर वर जातो, त्यात सह्याद्री आडवा. राधानगरीकडचा खालचा पाऊस दिसणार कसा? इकडं एक ट्रान्समीटर द्या, पन्हाळा-जोतिबावर नुसते रिसीव्हर बसवा.

शिरोलीकर: आणि सगळ्यांची घड्याळं कोण जुळवणार?

शाहूपुरी_तळमजला: धान्याचं पिंप छातीएवढ्या पाण्यात तरंगत होतं आमचं, तुम्हाला घड्याळाची पडलीय! 1935 ला इंग्लंडात डॅव्हेंट्रीत ट्रान्समीटर बीबीसीचा, रिसीव्हर लांब शेतात. विमान सापडलंच ना?

शिरोलीकर: आवाज चढवू नका. तिथं विमान आहे एवढंच कळलं, अंतर नाही. अंतराला वेळ जुळावीच लागते. जीपीएसनं जुळते, तेवढं मान्य. पण गाडीचं मी सोडत नाही. सिग्नल आला तसा माघारी फिरवणारे पत्र्याचे दोन कोनाडे करून देतो, तीस मीटरवर, तीन मीटरच्या फटीनं ठेवू. तुमच्या रडारच्या बोर्डावर दोन वेगळे दिसले तर माझी पोस्ट मागं.

रंकाळाकाठ: नाही दिसणार, आत्ताच सांगतो. दोन्ही एकाच अंतरावर आणि न हलणारे, तर फक्त कोनावर वेगळे करायचेत. आठांना तीस मीटरवर साडेसात मीटर फट लागते, बाराही आडवे घेतले तर पाच. नुसत्या चार रिसीव्हरांना पंधरा लागतील. सहा मीटरवर ठेवा, आधी चार लावून बघू, मग बारा. रविवारी सकाळी येतो.