दीवला पायी गोल चक्कर, सप्टेंबरच्या उन्हात जमेल का?

दांडियाबाजारकर:
मंडळी, एक विचारायचंय. आमचा बडोद्याच्या कमाटीबागेतला सकाळचा ग्रुप आहे, सगळे साठीच्या आसपासचे, बागेला फेऱ्या मारून आता कंटाळा आलाय म्हणून गणपती झाले की पौर्णिमेच्या सुमारास दीवला जायचं ठरतंय. रात्रीच्या बसने उना, तिथून पुढे दीव. पण नागवा बीचवर खुर्ची टाकून बसायचं नाहीये, गावातून निघून समुद्राकाठाने जायचं आणि दुसऱ्या रस्त्याने परत यायचं असं गोल चालायचंय. होईल का? आणि ऊन कितपत लागतं? सौ. म्हणतात स्कूटर भाड्याने घ्या नि गप्प बसा 😀

रावपुऱ्याचा_भाऊ:
होईल की. जेट्टीवरून निघायचं, किल्ल्याच्या बाहेरून जालंधर बीच, मग चक्रतीर्थ, तिथून काठाकाठाने फुदम गाव आणि गंगेश्वर. परतताना आतल्या रस्त्याने नायडा गुंफा बघत झांपा दरवाजातून गावात. किल्ला त्याच दिवशी आतून बघायला जाऊ नका, दोन तास तिथेच जातील नि पाय संपतील, तो संध्याकाळी वेगळा करा. सकाळी पश्चिमेकडे चालल्याने ऊन पाठीवर येतं, डोळ्यांवर नाही, हे महत्त्वाचं. साडेसहाला निघा, नऊनंतर भाद्रपदातलं ऊन कातडी सोलतं, वारा असतो म्हणून कळत नाही एवढंच.
चक्रतीर्थाच्या टेकाडावर खुखरी या आपल्या युद्धनौकेचं स्मारक आहे तिथे जरा बसा. 9 डिसेंबर 1971 ला बुडाली ती, 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले, कॅप्टन मुल्ला जहाज सोडून उतरलेच नाहीत. काचेत जहाजाचं मॉडेल ठेवलंय आणि समोर तोच समुद्र.
आणि हो, वाटेत होकाची झाडं बघा. ताडाच्या जातीचंच पण याचं खोड मध्येच दुभागतं, मग त्या फांद्या परत दुभागतात, आपल्याकडे असं ताडाचं झाड बघायला मिळत नाही. फळ तपकिरी, गावातली पोरं कुरतडत बसलेली दिसतात.

आजोळ_मालवण:
रस्ता बरोबर सांगितलाय पण भरतीचं कोणी बोललंच नाही, आणि खरं तर सगळा प्लॅन त्यावरच करायला हवा. गंगेश्वरची पाच शिवलिंगं खडकातच आहेत, पांडवांनी स्थापली म्हणतात, भरतीला लाटा थेट त्यांच्यावरून जातात. आमच्याकडे कोकणात तिथीची पाऊणपट करतात, तेवढ्या वाजता भरती. पौर्णिमा म्हणजे 15, पाऊणपट सव्वाअकरा. दीवला हे तंतोतंत लागणार नाही, निघायच्या आधी दीवचंच भरतीचं टेबल मोबाईलवर बघा, पण अंदाज येतो. म्हणजे पौर्णिमेला तुम्ही दहा-साडेदहाला पोचलात तर पाणी चढतंय आणि त्यात उधाण. वद्य पंचमीला गेलात तर पावणेचारला भरती, सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी, लिंगं उघडी आणि खडकही चालण्यासारखे. फक्त पंधरवडा असतो, पंचमीला कोणाच्या घरी श्राद्ध असेल तर आधी विचारा.

मांडवी_स्पीडपोस्ट:
वहिनींचं बरोबर आहे हो, स्कूटर घ्या. आतला परतीचा रस्ता उघडा आहे, सावली नाही. ज्यांना चालायचंय त्यांनी गंगेश्वरपर्यंत चालावं, तिथून रिक्षा करावी, उगाच गोल पूर्ण करायचा हट्ट कशाला.

दांडियाबाजारकर:
पंचमीच करतो, आमच्यात कोणाची पंचमी नाही. रिक्षाचा पर्याय गुडघेवाल्यांसाठी ठेवू. पाणी वाटेत मिळतं का?

रावपुऱ्याचा_भाऊ:
जेट्टीवरूनच माणशी दोन बाटल्या भरून घ्या, काठावर दुकानांचा भरवसा नाही. गंगेश्वरला पायऱ्या उतरायच्या, चपला वर काढाव्या लागतात आणि पावसाळ्यानंतर खाली शेवाळ असतं, तेव्हा ज्येष्ठांच्या हाताला कोणीतरी असू द्या.