मदत हवी आहे: विकास आराखड्यात ज्येष्ठांच्या परवडणाऱ्या घरांसाठी आरक्षण

आमच्या नगरपरिषदेच्या प्रारूप विकास आराखड्यावर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 खाली सूचना द्यायची असून, तीत ज्येष्ठांच्या परवडणाऱ्या भाडेघरांसाठी आरक्षण, म्हणजे आराखड्यात त्या वापरासाठी राखून ठेवलेली जागा, मागायचे आहे. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या 2007 च्या कायद्यातील कलम 19 आम्ही आधी पुढे केले होते; परंतु ते निराधारांच्या, जिल्ह्यात किमान 150 जणांची सोय करणाऱ्या वृद्धाश्रमांपुरतेच बोलते, आणि आमच्या संस्थेचे सभासद निराधार नव्हेत, तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर, लिफ्ट नसलेल्या इमारतींच्या तिसऱ्या मजल्यावर अडकलेले आहेत. ‘सार्वजनिक सुविधा’ असे मोघम आरक्षण नको, कारण त्यावर उद्या काहीही उभे राहील. जागा नगरपरिषदेचीच असल्याने भूसंपादनाचा प्रश्न नाही. तरी आरक्षणाचे नाव व वापर नेमक्या कोणत्या शब्दांत मागावा, आणि असे आरक्षण मंजूर झालेला आराखडा कोणाच्या पाहण्यात आहे काय?