जुनी झेन, ब्रेक पेडल मऊ झालंय, मास्टर सिलेंडर बदलू का?

सातारा_झेन
नमस्कार मंडळी. २००१ ची पेट्रोल झेन आहे, वडिलांनी घेतलेली, अजून रोजच्या वापरात. पावसाळ्यापासून ब्रेकचं पेडल मऊ लागतंय, म्हणजे पहिल्यांदा दाबलं की अर्ध्याच्या खाली जातं आणि मग ब्रेक लागतो, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं आणि व्यवस्थित लागतो. गॅरेजमध्ये एअर (पाईपात अडकलेली हवा) काढून नवीन ब्रेक ऑईल टाकलं, थोडे दिवस बरं वाटलं, परत तेच. पुढचे पॅड नवीनच आहेत. डब्यातलं ऑईल किंचित कमी होतंय पण गाडीखाली कुठे थेंब नाही. आता मेकॅनिक म्हणतोय मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की चाकांकडे ऑईल ढकलतो तो) गेलाय, बदलून टाका. आई आणि मुलगी याच गाडीत बसतात, यवतेश्वरचा घाट नेहमीचा आहे, त्यामुळे पैशापेक्षा काळजी जास्त आहे. खरंच मास्टर सिलेंडर असेल का?

रिंगपाना
दादा, आधी घाटात नेणं बंद करा, ऑईल कमी होतंय म्हणजे ते कुठेतरी जातंय. पॅड झिजले की पातळी थोडी उतरते पण तुमचे नवीन आहेत, तेव्हा तो हिशेब इथे लागत नाही.

मास्टर सिलेंडर आत्ताच घेऊ नका. घरच्या घरी बघण्यासारख्या गोष्टी आहेत. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा म्हणजे बूस्टरमधला (पेडल दाबायला मदत करणारा भाग) व्हॅक्यूम संपेल, मग पाय दाबून तसाच धरून ठेवा. पेडल हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठे गळती नसली तर मास्टर सिलेंडरचे आतले वॉशर ऑईल सोडतायत. जागेवर राहिलं तर बहुतेक मास्टर ठीक आहे. पाय तसाच ठेवून गाडी स्टार्ट केली की पेडल थोडंसं खाली जातं, त्याला घाबरू नका, तो बूस्टर काम करतोय.

दुसरं आणि माझ्या मते तुमच्यासाठी महत्त्वाचं. हँडब्रेक चांगला ओढा आणि मग पेडल दाबून बघा. एकदम वर आलं तर मागच्या ड्रममध्ये (चाकाबरोबर फिरणारं भांडं) लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवतो तो) आणि ड्रमच्या मधे गॅप वाढलाय, कारण पहिल्या दाबात ऑईल नुसतं तो गॅप भरायलाच जातं. दोनदा दाबल्यावर पेडल वर येतं हे लक्षण एअरचंही असतं आणि या गॅपचंही, फरक एवढाच की एअर असली तर पेडल वर येऊनसुद्धा स्पंजसारखं दबत राहतं आणि गॅप असेल तर वर आल्यावर कडक लागतं.

घाटरस्ता
मी तर डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑईल टाकून घेतलं आणि घाटातला त्रास बंद झाला, तुम्ही पण तेच करा, खर्च फार नाही.

रिंगपाना
घाटरस्ता भाऊ, तुमचा त्रास वेगळा असणार. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं, जुनं झालं की लवकर उकळतं. डॉट ३ नवीन असताना किमान २०५ डिग्रीला उकळतं, पाणी शोषल्यावर १४० पर्यंत येऊ शकतं, डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. लांब उतारावर तापून वाफ झाली की पेडल जातं, तिथे ताज्या ऑईलचा आणि डॉट ४ चा फायदा होतोच. पण यांचं पेडल गार गाडीत, घराच्या दारात मऊ लागतंय, तिथे ऑईल बदलून काही होणार नाही. डॉट ३ मध्ये डॉट ४ चालतं, फक्त डॉट ५ नको, ते सिलिकॉनचं असतं. आणि मिनरल ऑईल म्हणजे इंजिन ऑईल वगैरे चुकूनही त्या डब्यात जाऊ देऊ नका, सगळे रबर फुगतात.

सातारा_झेन
दोन्ही करून बघितलं काका. धरून ठेवलं तर पेडल जागेवरच राहतंय. हँडब्रेक ओढून दाबलं तर खूपच वर आलं आणि कडक! मग ओळखीच्या दुसऱ्या मेकॅनिककडून मागचे दोन्ही ड्रम उघडून घेतले. डाव्या बाजूचा अडजस्टर (लायनरचा गॅप सेट करणारा) गंजून जाम झालाय, आणि त्याच बाजूच्या व्हील सिलेंडरचा (लायनर ड्रमवर ढकलतो तो) रबर उचलल्यावर आतून ऑईल आलं, लायनरलाही लागलंय. म्हणजे जाणारं ऑईल ड्रममध्येच साठत होतं. तो म्हणतोय सिलेंडरला नवीन रबरांचं किट टाकू आणि लायनर पेट्रोलने धुवून घासून परत लावू, चालेल का?

जुनीगाडी_कोल्हापूर
लायनर परत लावू नका हो, कृपा करून. ऑईल लायनरमध्ये मुरतं, वरून धुतलं तरी तापल्यावर बाहेर येतं आणि एक चाक कमी धरायला लागलं की ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. दोन्ही बाजूंचे लायनर नवे घ्या, एका बाजूचे कधीच नाही. सिलेंडरला आतून गंजाचे खड्डे असतील तर किट टिकत नाही, पूर्ण व्हील सिलेंडरच घ्या, तोही जोडीने. मास्टर सिलेंडरच्या मानाने स्वस्तात होईल.

रिंगपाना
सहमत. अडजस्टर सोडवून साफ करून घ्या, ड्रम हाताने फिरवल्यावर लायनर जेमतेम घासल्याचा आवाज येईल इतपत सेट करायचा. त्यानंतर एअर काढताना मेकॅनिकला एक सांगा, पेडलखाली लाकडाचा छोटा ठोकळा ठेव. जुन्या मास्टरचा पिस्टन एरवी कधी तळापर्यंत जात नाही, तिथे गंज आणि घाण साठलेली असते, एअर काढताना पेडल पार खाली दाबलं की वॉशर तिथे फाटतात आणि चांगला मास्टर त्याच दिवशी खराब होतो. सुरुवात मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं, झेनच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तो धरा. डबा मधे रिकामा होऊ देऊ नका, बाटलीत निघालेलं ऑईल परत ओतू नका, आणि पेंटवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

झाल्यावर आधी मोकळ्या रस्त्यावर कमी स्पीडला मारून बघा, मग हात लावून दोन्ही मागचे ड्रम सारखेच गरम झालेत का तेवढं बघा आणि इथे कळवा.