'पेटी'साहेबाचा वसुलदार मराठीत कसा आणावा?

कर्वेनगरची अनुवादक: दिवाळी अंकासाठी करवसुली करणाऱ्यांवरच्या जुन्या इंग्रजी व्यंगचित्रांचा लेख मराठीत करतेय. 1806 च्या जेम्स गिलरेच्या चित्रावर अडलंय. चार्ल्स जेम्स फॉक्स आणि लॉर्ड हेन्री पेटी हे मंत्री जॉन बुलच्या, म्हणजे व्यंगचित्रांतल्या सामान्य इंग्रज माणसाच्या, दारात वसुलीला आलेत. पेटी तेव्हा अर्थमंत्री, त्याच साली प्राप्तिकर 10 टक्क्यांवर गेला. मथळ्यात त्याला 'पेटी न्यू टॅक्स गॅदरर' म्हटलंय. पेटी हे आडनाव, शिवाय इंग्रजीत 'पेटी' म्हणजे क्षुल्लक. मी 'वसुलदार' लिहिलं. संपादक म्हणतात, असा शब्दच नाही, 'करसंकलक' करा. आमची आजी सारा मागायला येणाऱ्याला वसुलदारच म्हणायची.

वाड्यामागे: करसंकलक! जणू कवितासंग्रह काढतोय. सरळ 'कमाविसदार' घ्या, पेशवाईतला शब्द आहे.

कानामात्रा: आधी 'व्यंगचित्र' दुरुस्त करा. व्यंग म्हणजे शरीरातली उणीव. तुम्हाला हवंय ते व्यंग्य.

रेघोट्या: तो य उच्चारतं कोण? चित्रं काढणारे स्वतःला व्यंगचित्रकारच म्हणवतात. आणि गिलरेचा फॉक्स बघा, जाड काळ्या भुवया, दाढीचे खुंट. व्यंगच दाखवलंय की.

कानामात्रा: त्याला अर्कचित्र म्हणतात.

जुनी मोडी: कमाविसदार नको, तो अख्ख्या महालाचा, म्हणजे महसुली विभागाचा, कारभार बघणारा, दार वाजवत हिंडणारा नव्हे. तुमचा शब्द समोरच आहे: कलेक्टर. 1772 मध्ये कंपनीने बंगालात नेमला तो महसूल गोळा करायलाच. आपण 'जिल्हाधिकारी' करून त्यातला पैसा पुसून टाकला. आता पोरगा कलेक्टर झाला की गावात मिरवणूक निघते, त्याला हसणार कोण? आपली आडनावंसुद्धा बघा, फडणीस, पोतनीस, पोतदार, सगळी सरकारी हिशेबातली. त्यातल्या शि. द. फडणीसांनी बिनशब्दांची चित्रं काढली, म्हणजे अनुवादकाची कटकटच मिटली.

कोथरूडची काकू: थकलेल्या घरपट्टीसाठी दारात बँड वाजवायची पद्धत पुण्यात आहेच. आमच्या गल्लीत वाजला तेव्हा पोरं वरात समजून नाचायला उतरली, आणि ज्यांची थकबाकी तेही गॅलरीतून कौतुकाने बघत होते! ते असो. 'पेटी'चं 'पट्टी' करा ना. घरपट्टी, पाणीपट्टी, पट्टीसाहेब.

कर्वेनगरची अनुवादक: पट्टीसाहेब झकास! पण क्षुल्लकपणा गेला ना त्यातून.

वाड्यामागे: पेटीच ठेवा. हल्ली पेटी म्हणजे लाख. वाचक फस्सकन हसेल.

कानामात्रा: खंडणीवाल्यांची भाषा दिवाळी अंकात नको.

रेघोट्या: आमच्याकडे पेटी म्हणजे हार्मोनियम, आणि पट्टी म्हणजे काळी चार. दोन्ही गाण्यातलेच, वसुलीचा संबंध नाही.

कानामात्रा: हार्मोनियमला संवादिनी म्हणावं.

रेघोट्या: निमंत्रणपत्रिकेत. मैफलीला निघालेला माणूस 'पेटीवर कोण आहे' असंच विचारतो.

कर्वेनगरची अनुवादक: अहो, वसुलदाराचं काय? उद्या मजकूर द्यायचाय.

जुनी मोडी: संवादिनी हा शब्द काही वाईट नाही हं. गायकाशी संवाद करते ती.

वाड्यामागे: मग तबल्याने काय अबोला धरलाय?