जावा २५० (१९६९): लाल दिवा विझत नाही, पुढचा ब्रेक धरत नाही. १२ व्होल्ट करून टाकू का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. वडिलांची १९६९ ची जावा आहे, म्हैसूरला बनलेली. ते गेल्यापासून अकरा वर्षं पडवीत गोधडी टाकून उभी होती. यंदा दिवाळीत बाहेर काढली, टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, नवीन ६ व्होल्टची बॅटरी टाकली आणि पाचसहा किकमध्ये चालू झाली. आई आतून पीठाच्या हातानेच बाहेर आली, काही बोलली नाही, नुसती उंबऱ्यात उभी राहिली.

आता अडचण अशी आहे की हेडलाईटवरचा लाल दिवा (बॅटरी चार्ज होत नसली की पेटतो तो) रेस केली तरी पूर्ण विझत नाही, मंद पेटतच राहतो, आणि रात्री लाईट लावली की आणखी लाल होतो, दोन दिवसात बॅटरी बसते. दहाबारा किलोमीटर गेलं की गाडी मिसिंग करायला लागते, म्हणजे इंजिन अडखळतं, थांबून थंड केली की परत नीट. आणि पुढचा ब्रेक म्हणजे लिव्हर हॅंडलला टेकतं तरी गाडी आपली चाललेलीच, वर खर्र खर्र आवाज.

इथल्या एका गॅरेजवाल्याने न खोलताच सांगितलं की डायनमो (इंजिनवर फिरून वीज बनवतो तो) फेकून द्या, १२ व्होल्टचं किट टाका, पुढं डिस्क ब्रेक बसवा, नाहीतर गाडी विका. मला गाडी वडिलांनी ठेवली तशीच ठेवायची आहे पण चालवायची पण आहे. कुणी हे काम स्वतः केलंय का?

डायनमो_सांगली:
दादा आधी एक सांगतो, काहीही फेकू नका. जावाचा डायनमो ६ व्होल्ट ४५ वॉटचा, म्हणजे सगळं ठणठणीत असताना साडेसात अँपिअर देतो. हेडलाईटचा बल्ब ३५ वॉटचा असेल तर तो एकटाच जवळजवळ सहा अँपिअर खातो, मग इग्निशन कॉइल, टेललाईट, हॉर्न आलेच, त्यामुळे हातात शिल्लक काही राहत नाही. म्हणून ६ व्होल्टच्या गाडीत गंजलेला एक जॉइंट पण परवडत नाही, अर्थिंगला, म्हणजे फ्रेममधून बॅटरीकडे परतणाऱ्या विजेच्या वाटेत, १ व्होल्ट गळला तर १२ व्होल्टच्या गाडीत बारावा हिस्सा जातो, तुमच्या गाडीत सहावा गेला.

त्यामुळे पहिलं काम, बॅटरीची अर्थ वायर फ्रेमला जिथं लागते तिथला रंग आणि गंज खरवडून चकचकीत लोखंड काढा. इंजिनपासून फ्रेमला एक वेगळी जाड वायर टाका. फ्यूजच्या क्लिपा घासा. चावीच्या स्विचमधले काँटॅक्ट अकरा वर्षांत काळे पडलेलेच असणार, ते पुसा.

मग उजवीकडचं कव्हर काढा, डायनमो समोरच दिसतो. कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला टेकून वीज घेणारे ठोकळे बघा, होल्डरमध्ये सुळकन खालीवर सरकतायत का, स्प्रिंग दाबते का. कार्बन ज्यावर टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर काळा असेल तर झिरो नंबर पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, एमरी कापड वापरू नका, त्याचे कण वीज वाहतात आणि खाचांमध्ये बसतात. तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा टोकदार काडीने साफ करा, तिथं कार्बनची भुकटी बसली की सगळं आतल्या आत शॉर्ट.

तरीही दिवा नाही विझला तर डायनमोच्या डी आणि एम दोन्ही वायरी सुट्या करा, एम ला बॉडीला अर्थ द्या आणि डी आणि बॉडीमध्ये मीटर लावा. गाडी चालू करून जराशी रेस, जास्त नाही, काटा भराभर वर गेला तर डायनमो चांगला, दोष रेग्युलेटरमध्ये (डायनमोचं व्होल्टेज आवरतो तो) किंवा वायरिंगमध्ये. नाही गेला तर डायनमोतच. ही पाच मिनिटांची टेस्ट आहे आणि ती न करता डायनमो बाद ठरवणाऱ्याकडे गाडी देऊ नका, मला खरंच वाईट वाटतं अशा किती जावांचे डायनमो भंगारात गेले त्याचं.

आणि आर्मेचर, म्हणजे डायनमोचा फिरता भाग, थेट क्रँकच्या टोकावर बसतं, त्यामुळे क्रँकचं बेअरिंग ढिलं झालं की ते स्टेटरला, म्हणजे भोवतीच्या स्थिर भागाला घासतं. घासल्याच्या चमकदार रेघा दिसल्या तर आधी बेअरिंग, मग डायनमो.

पॉइंट_गॅप:
गरम झाल्यावर मिसिंग म्हणजे बहुतेक कंडेन्सर, पॉइंटवरची ठिणगी आवरतो तो. अंधारात कव्हर काढून पॉइंटकडे (इग्निशनचे उघडझाप करणारे काँटॅक्ट) बघा, निळी ठिणगी मोठी उडत असेल तर कंडेन्सर गेला. पॉइंट घासून गॅप ०.४ मिमी ठेवा, प्लगचा ०.६. कंडेन्सर बदलून पण तेच झालं तर इग्निशन कॉइल तपासा, ती पण तापल्यावरच दगा देते.

उद्यमनगर_कोल्हापूर:
ब्रेकचं मी सांगतो कारण माझ्या गाडीला हेच झालं होतं. ड्रमला घासून गाडी थांबवणारा थर म्हणजे लायनर, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, त्यामुळे ड्रम उघडल्यावर तोंडाने फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा पण मारू नका, ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका. हे हसण्यावारी नेऊ नका.

लायनर काचेसारखं गुळगुळीत झालं असेल किंवा बेअरिंगचं ग्रीस लागलं असेल तर धरणार नाहीच. ग्रीस पिलेलं लायनर पेट्रोलने धुवून काही होत नाही, गरम झालं की परत वर येतं, तुमचे जुने शू (लायनर ज्यावर बसतं त्या कमानी) देऊन त्यावरच नवीन लायनर बसवून घ्या. खर्र खर्र चाकाच्या एका फेऱ्यात एकदाच येत असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही. स्पोक आवळले की ड्रम ओढला जातो, म्हणून लेथवर मारायचा तो स्पोक आणि रिम सकट, सुटा नाही. मी इथं उद्यमनगरात अख्खं चाक लेथवर लावून घेतलं आणि नवीन लायनर त्याच मापाला टर्न करून घेतले, तेव्हा कुठं शू पूर्ण टेकायला लागला.

परत बसवताना लायनरची पुढची कड कानशीने थोडी उतरती करा, शू फाकवणाऱ्या कॅमला अगदी नखभर ग्रीस लावा, आणि एक्सलचा नट ढिला ठेवून ब्रेक गच्च दाबून धरा आणि तसाच नट आवळा, म्हणजे शू ड्रममध्ये मध्यावर येतात. केबल नवीन टाका. ब्रेक लागताना केबल आणि आर्म (केबल जी दांडी ओढते ती) काटकोनात यायला पाहिजेत, आर्म त्याच्या पुढं गेला तर कितीही दाबा, जोर वाया जातो. डिस्कची गरज नाही, १६० मिमीचा ड्रम या गाडीला पुरतो, फक्त मागचा पुढचा दोन्ही एकत्र वापरायची सवय पाहिजे.

जुनाबाजार_पुणे:
डिस्कसाठी फोर्क कापायचा विचार करत असाल तर थांबा. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तुमची त्यात बसते, पण चॅसी, बॉडी, इंजिनमध्ये बदल केलेले चालत नाहीत. फक्त त्या नोंदणीची गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यालाच बाहेर काढायची. तुम्हाला चालवायची आहे म्हणताय, तर चालू आरसी रिन्यू करून ठेवणं बरं. पार्टसाठी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, जुना कार्बन सोबत घेऊन या, माप जुळवून घ्या.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी काकांना घेऊन बसलो. अर्थिंग घासलं, थोडा फरक पडला पण दिवा राहिलाच. मग डायनमो उघडला तर एक कार्बन नखाएवढा उरलेला आणि होल्डरमध्ये तिरका अडकलेला! दुसरा ठीक होता. पुण्याहून भाचा दोन्ही घेऊन आला, एका बाजूने जरा जाड होते ते काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासले, बसवले, कॉम्युटेटर साफ केला. आता जराशी रेस केली की लाल दिवा टप्पकन विझतो, बॅटरीवर मीटर ७ च्या वर दाखवतो. हेडलाईट लावून सावकाश चालवताना थोडा लुकलुकतो, ते ४५ वॉटच्या हिशोबात बसतं हे आता कळलं. कंडेन्सर पण बदलला, काल कराड ते उंब्रज जाऊन आलो, एकदाही मिसिंग नाही.

चाक अजून लेथवर आहे. शू काढले तेव्हा आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने "१२/८३" लिहिलेलं दिसलं, वडिलांचंच अक्षर, लायनर बदललेली तारीख असणार. नवीन लायनर त्याच शूवर बसवायला दिलेत, ती बाजू घासू नका असं लेथवाल्याला सांगून आलोय.